फाब्रेग मार्गाचे अकरा शिक्के

३ मे, शनिवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी.
सप्टेंबरमध्ये आमच्या सें-व्हिक्तुर सायकल क्लबला पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी सगळा क्लब एका नव्या मार्गावर निघेल आणि मार्ग आखणाऱ्याचं नाव त्याला कायमचं मिळेल. चौकाचौकात निळ्या पाट्या. इच्छुक दोघेच: मी आणि निवृत्त पोस्टमन इव्हों कासान्य. इव्होंने तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं, म्हणून त्याला वाटतं रस्ते त्याला कळतात. मी अडतीस वर्षं जिल्ह्याच्या रस्ते खात्यात होतो. या भागातल्या निम्म्या रस्त्यांना नंबर मी दिले आहेत. माझं नाव, रेजिस फाब्रेग, एकालाही नाही. आता मिळेल.

नियम असा की आखणाऱ्याने पूर्ण मार्ग स्वतः सायकलने करायचा, प्रत्येक गावातल्या एखाद्या दुकानाचा शिक्का कार्डावर घ्यायचा आणि १३ जूनपर्यंत कार्ड व अहवाल द्यायचा. माझा मार्ग: २४० किलोमीटर, अकरा गावं, चार दिवस. नदीकाठ, अक्रोडाच्या बागा, चुनखडीचं पठार, द्राक्षमळे. काही सोडलेलं नाही.
ओदीलने विचारलं, चढ किती? म्हटलं, नकाशावर तरी दिसत नाहीत. ती म्हणाली, तुझ्या खात्याच्या नकाशावर आपलं घरसुद्धा नदीत आहे. बायकोने खात्याच्या कामात बोलू नये.

५ मे.
सराव. रोज तीस किलोमीटर. आज पाऊस, म्हणून साखळीला तेल.

६ मे.
पाऊस नाही. पण वारा. पुन्हा साखळीला तेल.

९ मे.
बेकरीपर्यंत जाऊन आलो. दोन किलोमीटर, येताना दोन पाव घेऊन, म्हणजे वजनासह. इव्हों दारात भेटला. म्हणाला, काय रे रेजिस, साखळीतून तेल ठिबकतंय, सायकल तळायची आहे का? मत्सर.

१२ मे, सोमवार. सकाळी ८.२०.
प्रस्थान. ओदील दारात येऊन म्हणाली, अरे, आज सोमवार, सगळं बंद असेल. म्हटलं, रस्ते बंद नसतात.

दुपारी १.
पहिलं गाव पोंतिल, १७ किलोमीटर. बेकरी बंद, सोमवार. कॅफे बंद, सोमवार. तंबाखूचं दुकान बंद. चर्च उघडं होतं, पण शिक्का नाही. परत.
एकूण चौतीस किलोमीटर. हा सराव धरला तर मागचा सगळा अनुशेष भरून निघतो.

१३ मे, मंगळवार.
पुन्हा प्रस्थान. अक्रोडाच्या बागेपाशी बसून पाचच मिनिटं श्वास घेतला, त्यामुळे पोंतिलला १२ वाजून ५ मिनिटांनी पोचलो. सगळी शटर खाली, दोन वाजेपर्यंत. उघडी फक्त मादाम रेमोंदची खानावळ. म्हटलं, एक शिक्का. ती म्हणाली, साहेब, बारा वाजता माझ्या हातात सुपाचं भांडं असतं, शिक्का नसतो. बसा. बसलो. कामासाठी बसावं लागतं.
सूप. खोलगट ताटात शेवटचे दोन घोट उरले तेव्हा इकडच्या शेतकऱ्यांच्या रीतीने त्यात लाल वाइन ओतून ताट तोंडाला लावलं. शेजारचे दोन ट्रॅक्टरवाले म्हणाले, शाब्बास, सायकलवाले असं पीत नाहीत. म्हटलं, सायकलवाल्यांतही फरक असतो. मग बदकाची तंगडी, बकरीच्या दुधाचं चीज, अक्रोडाचा केक, कॉफी. शिक्का २ वाजून ४० मिनिटांनी.
नंतर झाडाखाली प्रकृतीची पाहणी. जाग आली तेव्हा साडेपाच. ओदीलला फोन. ती व्हॅन घेऊन आली. सायकल मागे टाकताना म्हणाली, हे आजचे सतरा आणि उरले दोनशे तेवीस, बरोबर? आकडेमोड तिला जमते. दृष्टी नाही.

१५ मे.
दुसरं गाव. निघायला थोडा उशीर, पोचलो १२ वाजून १० मिनिटांनी. शिक्का पुन्हा जेवणानंतर. मसूर आणि डुकराचं सॉसेज. उत्तम.

१६ मे.
तिसरं गाव. १२.०० ला पोचलो. बेकरीवालीने माझ्या डोळ्यांसमोर दाराची पाटी उलटी केली. काचेवर टकटक केली तर आतून म्हणाली, अहो, मलाही पोट आहे. समोरच्या खानावळीत ससा, मोहरी घालून.
निष्कर्ष: एक गाव, एक जेवण. चार दिवसांचे अकरा दिवस होतील. अभ्यासाला वेळ लागतोच.

२० मे, मंगळवार.
रोकसेकचा चढ. नकाशावर ही सरळ रेघ आहे, मीच मारलेली. प्रत्यक्षात सहा किलोमीटर वर आणि फक्त वर. पहिला अर्धा किलोमीटर सायकलवर. मग सायकलला विश्रांती म्हणून उतरलो. बाजूच्या मेंढ्या चरता चरता माझ्या पुढे गेल्या. धनगरीण भिंतीवर बसून होती. म्हणाली, दादा, सायकल विकायला नेताय का?
१०.५० ला ओदीलला फोन. ती आली, आम्ही व्हॅनने वर गेलो, कारण वरची खानावळ बारालाच भरते. टेबल मिळालं. कोकरू. शिक्का मिळाला.
येताना ओदील म्हणाली, काय सुंदर चढ आहे रे, हा पायाने चढायला हवा. तिला चढातलं काय कळतं.

२२ मे.
महत्त्वाचा विचार. सायकलस्वाराची नजर पुढच्या चाकावर असते. मार्ग आखणाऱ्याची नजर चहूकडे हवी. म्हणून उरलेली पाहणी व्हॅनमधून. ओदील चालवेल. सायकल सोबत नेऊ, म्हणजे नियमाचा आत्मा राखला जाईल.

२३ मे.
सायकल सोबत नेली. मागे जागा कमी पडली, कारण वाटेत वाइनची खोकी घेतली. उद्यापासून सायकल घरी.

४ जून.
अकरा शिक्के पूर्ण! कार्ड भरलं. त्यातल्या चार शिक्क्यांवर सॉस आहे, पण वाचता येतात. पॅन्टचं बटण बंद होत नाही. स्नायू वाढले असावेत.

११ जून.
अहवाल तयार, चौदा पानं. चढांची नोंद एका ओळीत: चढ किरकोळ. वाहनाचा उल्लेख टाळला. वाहन हा तपशील आहे. ओदीलने वाचला. म्हणाली, रेजिस, यात खोटं काहीच नाही आणि खरंही काही नाही. तू त्यांना सरळ सांग. एवढं नाव पाहिजेच का तुला?
मी अहवाल पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या गावांना रस्ते नेऊन दिले, निरोप समारंभात साहेबांनी माझं आडनाव चुकीचं उच्चारलं. हे तिला माहीत आहे. पुन्हा कशाला सांगायचं?

२० जून, शुक्रवार. संध्याकाळी ७.
क्लबची सभा. अध्यक्षीणबाई मादाम देलप्युश यांनी दोन्ही अहवाल वाचायला दिले. इव्होंचा दीड पानाचा. त्यात चढाचे टक्के, पाण्याचे नळ, कुत्रा कुठे सुटा असतो, वगैरे. कोरडं लेखन. माझा अहवाल इव्होंनेच उभं राहून मोठ्याने वाचला. तिसऱ्या पानावर बदकाची तंगडी आली तेव्हा मागच्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. ससा आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, परत वाच.
मग इव्होंने विचारलं, रोकसेकच्या चढावर कोणता गिअर लावलास? म्हटलं, परिस्थितीनुसार. तो म्हणाला, पण परिस्थितीत डिझेल होतं ना? रोकसेकचे लोक म्हणतात, व्हॅन छान आहे तुमची. सगळे हसले. ओदील हसली नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला. ते जास्त लागलं.
मतदान: इव्हों एकोणतीस, मी एक. ते एक माझंच होतं. ओदील म्हणाली, मी मत दिलं नाही, नवऱ्याला देणं बरं दिसत नाही.
पण लगेच मादाम देलप्युश म्हणाल्या, ज्यांचे गुडघे गेलेत त्या सभासदांसाठी आपण बस करू, आणि ती रेजिसच्या खानावळींनी नेऊ. एकमताने मंजूर. क्लबच्या इतिहासात एकमत प्रथमच. मार्गाला माझं नाव मिळणार आहे. बसच्या काचेवर, कागदावर. म्हणजे तत्त्वतः मी जिंकलो.

जुलै, तारीख बघायला वेळ नाही.
खानावळींना फोन, सभेला न आलेलेसुद्धा धरून बेचाळीस ताटं सांगायची, कुणाला मीठ चालत नाही. ओदील सकाळी नसते. मिरच्या आणायला सायकल नेते म्हणाली. दोन तास मिरच्या. बाजार लांब गेला असेल.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी ४.
बसमध्ये बसून लिहितोय. पुढची सीट, ड्रायव्हरशेजारी. नेतृत्वाची जागा.
सकाळी सायकलवाले आधी निघाले. ओदील म्हणाली होती, मी मैत्रिणींबरोबर येते, तू पुढे हो. रोकसेकचा चढ दोन्ही मार्गांत आहे. तिथे बसने सायकलवाल्यांना गाठलं. रस्ता अरुंद, पुढे जाता येईना. सगळ्यांत मागे एकच सायकल होती, माझी. तिच्यावर एक बाई, उभ्याने पायडल मारत. बस तिच्या मागे चालण्याच्या वेगाने वीस मिनिटं. म्हातारी मंडळी एक एक करून पुढे आली, माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागली, मग टाळ्या वाजवू लागली. शेवटच्या वळणावर तर कुणीतरी गाणं धरलं.
ती उतरली नाही. एकदाही.
ड्रायव्हरने विचारलं, कोण हो या बाई, जबरदस्त आहेत! ओळखता?
म्हटलं, पाठमोऱ्या बाईबद्दल सांगणं कठीण आहे.
मागून मादाम देलप्युश म्हणाल्या, अहो रेजिस, मग समोरून ओळख करून घ्या आता.