हाकेनंतरचं एक मिनिट

दादा,

लिहून तर टाकते, पाठवायचं नंतर बघू.

मी बचाव पथकात नाव घातलंय. हसू नकोस. शिवणकाम सांभाळून दर रविवारी सरावाला जाते. पाडलेल्या गोदामाच्या ढिगाऱ्याखाली एकजण जखमी म्हणून पडून राहतो, बाकीचे त्याला शोधतात. शिट्टी वाजली की सगळे गप्प होतात. प्रमुख हाक मारतो, "आत कोणी आहे का?" मग पूर्ण एक मिनिट कोणी हलायचं नाही, नुसतं ऐकायचं. आतल्याने दगडाने तीनदा ठोकायचं.

या रविवारी जखमी मी होते. दगड हातात होता, तरी ठोकलं नाही. कोणीतरी मला हाका मारतंय, हे किती दिवसांनी ऐकत होते. चौथ्या हाकेला प्रमुखाचा आवाज कापला, तेव्हा कुठे भानावर येऊन ठोकलं.

बाहेर काढल्यावर तो एवढंच म्हणाला, "बाई, आता हाक तुम्ही मारा."

दुसरा एकजण आत जाऊन पडला, मी हाक मारली. ते एक मिनिट संपता संपेना.

आई गेल्यावर आपलं बिनसलं आणि तू समजूत काढायला आलास. मी आतून कडी घालून दाराला पाठ लावून बसले होते. सहा वर्षं सगळ्यांना सांगत आले की दादा दोन हाका मारून निघून गेला. खोटं होतं ते. शेवटच्या हाकेनंतरही तुझ्या चपला बराच वेळ दाराखालच्या फटीतून दिसत होत्या. मिनिटापेक्षा कितीतरी जास्त.

दादा, मी आत होते.

तुझी,
धाकटी