शिट्टी नसल्याचा ठराव

रविवार, ३ ऑक्टोबर २००४

ॲम्प्लिफायर पूर्ण. नाव ठेवलं 'निःशब्द'. पॉवर सप्लाय कॉम्प्युटरमध्ये असतो तसा, स्विचिंगचा. संपूर्ण घरी बांधला. आमच्या वयाच्या कुणीही पुण्यात हे धाडस केलेलं नाही.

सुरू केला तेव्हा एक बारीक शिट्टी येत होती. स्क्रू ड्रायव्हरने आतला प्रीसेट, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणारा बारका स्क्रू, हळूहळू फिरवत नेला. शिट्टी बारीक झाली, आणखी बारीक झाली आणि गेली. जिथे गेली तिथेच स्क्रूवर लाख ओतून सील केला. काळीशार शांतता. बाजारात हप्त्यावर मिळणाऱ्या कोरियन डब्यांना ही साधायची नाही.

संकल्प: ॲम्प्लिफायर दिवसरात्र चालू ठेवणे. गरम राहिला की आवाज खुलतो. विजेचं बिल आलं की सौ. वासंती बोलेल. बोलू दे.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

महत्त्वाची बातमी. सुखदेवरावांनी राजीनामा दिला.

आमच्या सुस्वर श्रवण मंडळात सभासदांचं सरासरी वय अडुसष्ट आहे. तेही प्रज्ञेश नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा धरून. त्याला वगळून सरासरी काढू नये असं सर्वांचं मत आहे. मंडळाची पद्धत अशी, की कुणीही नवा स्पीकर, ॲम्प्लिफायर, काहीही आणलं, की ध्वनिपरीक्षक वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसतो, ऐकतो आणि कार्डावर 'परीक्षित' असा शिक्का मारतो. सुखदेवराव कित्येक वर्षं परीक्षक होते. आता ते स्वतःहून कान तपासायला गेले, कानात मशीन बसवून आले आणि म्हणतात, आता मला शिक्का मारण्याचा अधिकार नाही. कुणी विचारलं होतं का? तपासायला गेलं की डॉक्टर काहीतरी काढणारच.

ते पद मला हवं आहे. कारखान्यात माझ्या सहीशिवाय एक मोटर गेटबाहेर जात नसे. व्हीआरएस घेतल्यापासून माझी सही फक्त गॅसवाल्याला लागते. पद मला फार हवं आहे. इथे लिहायला हरकत नाही.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

शेजारच्या भाग्यश्रीबाईंचं मांजर गेली पाच वर्षं आमच्या सोफ्यावर झोपत होतं. हाकललं, पाणी मारलं, उपयोग शून्य. रविवारपासून फिरकलेलं नाही. कारण कळत नाही, पण आनंद आहे.

गोदाबाईच्या कामालाही शिस्त आली. पूर्वी हॉल झाडायला तिला सकाळ पुरत नसे. हल्ली कानावरून पदर घट्ट ओढून येते आणि केर काढून पळते. डोकं धरलंय म्हणाली. ऑक्टोबरचं ऊन.

रविवार, १० ऑक्टोबर

मंडळाची सभा आमच्या घरी. गाणं लावलं नाही. मी म्हणालो, आधी नुसती शांतता ऐका. सगळ्यांनी डोळे मिटले. अध्यक्ष तर घोरायलाच लागले. ॲम्प्लिफायरच्या शांततेचा याहून मोठा पुरावा कुठला?

प्रज्ञेशचा चेहरा मात्र दाढ दुखत असल्यासारखा. हा मूळ नागपूरचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये असतो. मुलगा तसा चांगला. पण म्हणाला, "काका, शिट्टी येतेय. कंटिन्युअस."

सगळ्यांनी डोळे उघडून पुन्हा ऐकलं. कुणालाही आली नाही. अध्यक्षांनी मतदान घ्यायला लावलं. शिट्टी नाही या बाजूने बाकी सगळे, आहे या बाजूने एकटा प्रज्ञेश. चिटणिसांनी इतिवृत्तात लिहिलं: 'शिट्टी नाही, असे बहुमताने ठरले.' आवाज आहे की नाही हे बहुमताने कसं ठरेल, असं प्रज्ञेशने विचारलं. अध्यक्ष म्हणाले, मंडळ नोंदणीकृत आहे.

मोबाइलने त्याचे कान बिघडले असावेत. वेळीच डॉक्टरांना दाखव, असा आम्ही सर्वांनी त्याला प्रेमाने सल्ला दिला.

शनिवार, १६ ऑक्टोबर

पोरगा खरंच डॉक्टरांकडे जाऊन आला. कान उत्तम, असा रिपोर्ट घेऊन मंडळात हजर. वर सूचना मांडली, की परीक्षकपदासाठी उभं राहणाऱ्या प्रत्येकाने असा रिपोर्ट आणावा.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, ऐकणं कानाने होत नाही, अनुभवाने होतं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी वाक्य लिहून घेतलं. तेवढ्यात सुखदेवराव मागून म्हणाले, "असं होय. मग माझं मशीन मी भलत्याच ठिकाणी बसवलं."

पद सोडलेल्या माणसाची चिडचिड. समजू शकतो.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर, दसरा

'निःशब्द'ला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी सोनं द्यायला बरेच लोक आले. आपट्याची पानं हातावर टेकवून चपला न काढताच परतले. दोघातिघांनी तर जिन्यातच उरकलं. आयटी आल्यापासून पुण्यात कुणाला बसायला वेळ नाही. पूर्वी वेळ असायचा, पण बसा म्हणायची पद्धत नव्हती.

सौ. हल्ली रोज दुपारी भाग्यश्रीबाईंकडे क्रोशा शिकायला जाते. अजून एक रुमालही पुरा झालेला नाही. घरात एवढी शांतता असताना शेजारी जाऊन बसायचं म्हणजे कमाल आहे.

रविवार, ७ नोव्हेंबर

ठरलं. २१ तारखेला मंडळाचा रौप्यमहोत्सव, एका शाळेच्या हॉलमध्ये. मुख्य कार्यक्रम 'निःशब्द'चं प्रात्यक्षिक, सादरकर्ता मी. त्यानंतर लगेच नव्या ध्वनिपरीक्षकाची घोषणा. अध्यक्ष कानाशी येऊन म्हणाले, तुमचंच नाव आहे. दोनदा म्हणाले. पहिल्यांदा मी शेजारच्या गोंगाटामुळे न कळताच मान हलवली होती.

प्रेक्षक कमी पडू नयेत म्हणून प्रज्ञेशला त्याच्या कंपनीतली मुलं-मुली आणायला सांगितलं. तो म्हणाला, काका, पुन्हा एकदा विचार करा. तरुणांमध्ये आत्मविश्वास कमी असतो.

संकल्प: भाषण पाच मिनिटांत आटपणे. भाषण लिहून झालं. चौदा पानं.

शनिवार, १३ नोव्हेंबर

दिवाळी. फराळाला आलेल्यांना प्रात्यक्षिकाची रंगीत तालीम ऐकवणार होतो. सगळ्यांनाच अजून चार घरी जायचं होतं. चकली हातात घेऊन गेले.

भाषण कमी केलं. आता सोळा पानं.

रविवार, २१ नोव्हेंबर, संध्याकाळी

झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते समजेल.

पुढच्या रांगांत मंडळ. मागे हिंजवडीची तरुण मंडळी, हॉल भरलेला. नवा झब्बा घातला होता. भाषण निम्म्यावर आणलं, कारण अध्यक्ष पेंगायला लागले. मग मी म्हणालो, आता आपण शांतता ऐकू या. स्पीकर जोडले, आवाजाचं बटण शेवटपर्यंत नेलं आणि हात जोडून डोळे मिटले.

उघडले तेव्हा मागच्या रांगांनी कानांत बोटं घातली होती. मला वाटलं, एकाग्रतेसाठी. बाहेर रिक्षा फार. मग एक मुलगी उठून गेली. तिच्यामागे तिची रांग, आणि त्या रांगेमागे बाकीचे. पुढच्या रांगांत प्रचंड टाळ्या. मीही वाकून नमस्कार केला. समोर पांढरी डोकी आणि मागे नुसत्या खुर्च्या.

एवढ्यात शाळेचा शिपाई धावत आला. मैदानापर्यंत शिट्टी येतेय, कसली वाजतेय, म्हणाला. अध्यक्षांनी त्याला ठराव दाखवला. त्याने तो पूर्ण वाचला आणि मेन स्विच बंद केला.

परीक्षकाची घोषणा झाली नाही. चहा झाला.

सोमवार, २२ नोव्हेंबर

हॉलची वायरिंग जुनी. अर्थिंग नसणार. तरुणांना शांततेची सवय नाही, ती कानाला टोचते. ही कारणं सुखदेवरावांना फोनवर सांगितली. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "उत्तरेश्वरराव, शिट्टी होती. मशीनमधून मलासुद्धा आली. बारीक, पण होती."

फोन मीच ठेवला. दिवसभर कुणाशी बोललो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बुधवार, २४ नोव्हेंबर

घटकाभर मानलं, की शिट्टी आहे. मग ती काढली पाहिजे. क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. खराब माल घरात ठेवून झोपणारा माणूस मी नाही. 'निःशब्द' उघडला, प्रीसेटवरची लाख खरवडली, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तसाच बसून राहिलो. जी ऐकूच येत नाही ती गेली हे कळणार कसं? मंडळाला बोलावण्यात अर्थ नव्हता. ते पुन्हा ठराव करतील. प्रज्ञेशला फोन केला, तर त्याचा अमेरिकेशी कॉल चालू होता.

शेवटी सौ.ला हाक मारली. पदराला हात पुसत आली, खुर्चीत बसली. काय करायचं ते मी समजावायला लागलो, तर म्हणाली, कळलं, फिरवा. स्क्रू फिरवत नेला.

"आहे," ती म्हणाली. "आहे. बारीक झाली. अजून आहे. थोडं राहिलंय. गेली."

मला काहीच फरक कळला नाही. आधी जी शांतता होती तीच नंतर होती. स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच राहिला. निवृत्तीच्या दिवशी गेटमधून बाहेर पडतानासुद्धा इतकं वाईट वाटलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो.

मग विचारलं, तुला कधीपासून येत होती. म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मग सांगितलं का नाहीस, म्हणून मी जरा आवाज चढवला.

"अहो, सांगितलं होतं. दोनदा. तुम्हाला ऐकू आलं नाही."

मग तिसऱ्यांदा का नाही सांगितलंस, असं विचारलं. ती उठून स्वयंपाकघराकडे वळली होती. थांबली.

"व्हीआरएसनंतर पहिल्यांदाच इतके खुशीत होतात. म्हटलं, वाजू दे."

तिथेच सोफ्यावर आडवी झाली आणि भर सकाळी दहा वाजता गाढ झोपली. पंखा लावला. कुकर मीच चढवला.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

परीक्षकपदाच्या यादीतून माझं नाव काढा, असं अध्यक्षांना कळवलं. ते म्हणाले, काय? मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, अभिनंदन.

कानाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. नुसती माहिती म्हणून. सौ.ला बरोबर चल म्हटलं. डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐकायला कुणीतरी हवं.