जवाईबापूचा समुद्र

२० नोव्हेंबर २०११, रविवार

आज म्या असं काम केलं जे कराले नव्हतं पायजे. भाऊजी जेवून राहिला होता. ताई वाढून राहिली होती, आई तूप घेऊन उभी, बाबा "जवाईबापू, अजून एक पोळी" करून राहिले होते. तेवढ्यात मी बैठकीत गेलो, त्याच्या ब्यागीतून काचेची नळी काढली अन् तिच्या बुडाले ताईची बिनरंगाची नखपॉलिश लावली. फुकून वाळवली. मंग अजून एक हात. मंग अजून. काही दिसत नाई. कापसात गुंडाळून जशीच्या तशी ठेवली अन् पानावर येऊन बसलो.

"भाऊजी, तुम्ही तं काहीच घेतलं नाई," म्हनलो.

नळीचं असं आहे का खाऱ्या पान्यात सोडली तं उभी तरंगते. मीठ जास्त तं वर येते, कमी तं खाली जाते. आंगावर आकडे. आता झाली थे जड. मीठ कितीही राहो, नळी खालीच जाईन अन् भाऊजी म्हनन, मीठ कमी.

अन् बाबाच्या काचेच्या टाकीत अजून मासा नाई, काही नाई. नुसतं पानी अन् दगड. कोनी मरत नाई. नुसता तो येडा दिसन. एवढंच पायजे मले.

पुढं भाऊजीले 'भा.' लिहीन. एवढं मोठं लिहायची त्याची लायकी नाई. तोंडावर अहो-जाहो करतो, वहीत नाई.

२१ नोव्हें.

हात अजून वास मारून राहिला. दुकानात माह्यासंगं कामाले असनारा बबल्या म्हने, "क्या बे गुड्डू, नेलपॉलिश लगाया क्या?" म्हनलो, तुह्या बायकोले इचार. त्याले बायको नाई.

कायले केलं थे लिहितो.

बाबा रेल्वेत होते तवा काही वर्ष विशाखापट्टनमले होते. थूनच हे खूळ आनलं. घरात समुद्र! गोंदियात, जिथं समुद्र टीव्हीवरच दिसते. काचेची टाकी, समुद्रातले दगड, खारं पानी, पट्ट्यावाले केशरी मासे, अन् पोवळे असे का जसं कोनी पान्यात बोटं हालवून राहिलं. आमच्या कुडव्यातले लोक चप्पल बाहेर काढून पाहाले येत. एका मे महिन्यात लोडशेडिंगनं घात केला. पानी तापलं, हवा बंद, सारं मेलं. गल्लीभर वास. बाबानं टाकी धुतली अन् मंग तिच्याकडं पाह्यलंच नाई. आईनं तिच्यात रजया भरल्या. दगड तुळशीभोवती लावले, दर दिवाळीले त्यायले चुना मारे.

म्या किती डाव म्हनलो, बाबा, चालू करू. एकच उत्तर. "तू पह्यले बारावी चालू कर."

अन् यंदा ताईचा दिवाळसन. बाबानं इचारलं, "जवाईबापू, काय देऊ? लाजू नका." आईनं आंगठी आनूनच ठेवली होती. तं भा. म्हनते, "मामाजी, मला काहीच नको. तुमची ती टाकी चालू करू. आपण दोघं मिळून."

दोघं!

बाबाचं तोंड असं झालं का म्या तसं कधी पाह्यलं नाई. नोकरी लागली असती मले तरी झालं नसतं तसं. त्याच सांजी रजया पलंगावर.

२४ नोव्हें.

आठवून आठवून जळून राहिलो. तुळशीचे दगड कोनी काढले? मी. तारेच्या ब्रशनं चुना कोनी खरवडला? मी. बोटं सोलली. चौकातून फिल्टरच्या पान्याच्या क्यान सायकलवर कोनी आनल्या? गोंदियाचा हमाल. अन् भा. नागपूरहून दर रविवारी येते, गाडीत वाचलेलं सांगते. "इंटरनेटवर लिहिलंय मामाजी, दगड महिनाभर मुरू द्यायचे." बाबा मान हालवते. हेच म्या दिवाळीच्या आधी म्हनलो असतो तं म्हनले असते, तुले काय समजते?

आई म्हने, "काऊन गाल फुगवून राहिला बे?"

म्हनलो, दाढ दुखते.

२७ नोव्हें., रविवार

लय मजा. भा.नं नळी सोडली. नळी खाली. चष्मा काढून पाह्यलं, लावून पाह्यलं.

"मामाजी, मीठ कमी झालंय."

"कमी?" बाबा म्हने. "वाफ होते तं पानी कमी होते. मीठ कसं होईन?"

"आकडा आहे ना समोर."

बाबानं वाकून आकडा पाह्यला. मंग म्हने, "हो, आकडा आहे तं टाका."

समुद्राच्या मिठाचा डबा उघडला, बालटीत घोळलं, ओतलं. नळी अजूनही खालीच. अजून ओतलं. मी मागं उभा राहून गाल चावून राहिलो होतो. ताई म्हने, "तुले काय झालं?" म्हनलो, दाढ.

३० नोव्हें.

आज बाबाले पाह्यलं. घरात कोनी नाई असं समजून टाकीजवळ गेले, बोट बुडवलं, जिभेले लावलं. तोंड वाकडं. मंग आंगनात जाऊन थुकले.

पह्यलेही तसंच करत. नळीबिळी नव्हती तवा. जिभेवर पानी घेत अन् सांगत, बरोबर आहे. बरोबरच राहे.

म्हनजे त्यायले समजलं. मंग भा.ले बोलन, मजा येईन. फोनची वाट पाहून राहिलो. फोन आला रात्री, ताईचा. बाबा म्हने, "पानी एकदम फस्टक्लास आहे म्हन जवाईबापूले."

???

४ डिसें., रविवार

पुन्हा टाकलं. टाकीच्या काठावर पांढरी पपडी धरून राहिली. बाबानं डबा स्वतःच्या हातानं आनून देल्ला. मले काही समजून नाई राहिलं. बाबा असा मानूस का आई भाजीत मीठ जास्त टाकन तं ताट सरकवते. अन् इथं?

भा. जाता जाता मले म्हने, "सालेसाहेब, पुढच्या वेळी सरप्राइज आणतो."

लग्नात म्या त्याचे बूट लपवले होते. एक सापडला, एक सापडलाच नाई. बिचारा चप्पल घालून वरातीत गेला. हासत होता तवाही. त्याले राग कसा येत नाई, ह्याचाच मले राग येते.

११ डिसें., रविवार

मासे आनले. पिशवीत हवा भरून, थर्माकोलच्या डब्यात, डबा मांडीवर धरून आला नागपूरहून. दोन. केशरी, पांढरे पट्टे. तसेच. जसे तवा होते.

बाबा खालीच बसले. जमिनीवर. म्हने, "जवाईबापू…" अन् पिशवी दोन्ही हातात घेतली.

"जोडी आहे मामाजी. आमच्यासारखी." ताई लाजली. मले उलटी याले झालं.

मंग आठवलं. पानी!

म्हनलो, "भाऊजी, आज नका सोडू. आठ दिवस बाहेर बालटीत ठेवा न."

"का?"

काय सांगू? म्हनलो, "असंच. अमावस्या आहे." नव्हती. आईनं कालनिर्नय पाहून सांगतलं.

बाबानं माह्याकडं पाह्यलं. लय वेळ. मंग भा.कडं पाह्यलं अन् म्हने, "सोडा तुमच्या हातानं."

सोडले. दोघंही खाली गेले अन् कोपऱ्यात चिपकले. श्वास असा का जसं दुकानातल्या गल्ल्याचं झाकन उघडझाप. भा. म्हने, नवीन जागा आहे, सवय होईल. टाळ्या. फोटो. पाच वाजताच्या गाडीनं ताई अन् भा. गेले.

बाबा जेवले नाई.

१२ डिसें., सोमवार

बाबा दर सोमवारी नागऱ्याले महादेवाले जाते. आई भिशीच्या बायकांकडं गेली. म्या दुकानाले दांडी मारली. एक मासा आडवा होऊन राहिला होता, मंग सरळ, मंग आडवा.

पानी काढायची रबरी नळी लावली, तोंडानं ओढली. अर्धी गुळनी पोटात गेली. बाप्पा! जहर खारट. बालटी भरली, मोरीत. क्यानमधलं गोडं पानी घेतलं अन् ओताले गेलो तं दारातून आवाज,

"एकदम नको ओतू. मारशीन."

बाबा. हातात बेलपत्राची पिशवी. गेलेच नाई का लवकर आले, मालूम नाई. म्या क्यान खाली ठेवली.

वाटलं आता चप्पल. बाबानं पिशवी खुंटीले टांगली, स्टूल घेतलं, गिलास आनला. म्हने, "गिलासानं टाक. मी सांगतो तवा."

मी टाकून राहिलो, थे बोट बुडवून चाखून राहिले. मंग म्याच म्हनलो,

"तुमाले मालूम होतं?"

"जीभ आहे न मले."

"मंग बोलले काऊन नाई?"

"दिवाळसन आहे त्यायचा. त्यायनं सोनं नाई मांगतलं, हे मांगतलं. आता त्यायलेच खोटं पाडू? उद्या थे घरी जाऊन काही बोलले, तं आयकाले कोनाले लागन? तुह्या बहिनीले." गिलास पुढं केला. "टाक."

टाकला.

"म्या बोलून देऊ?" म्हनलो. "मले कोनी काही म्हनत नाई."

"तू तं लय बोलला. अमावस्या!" अन् हासले. तोंडातून थुंकी उडाली एवढे हासले. "तू खोटा पडला तं चालते बे. तू घरचा."

हे आयकून बरं वाटलं का जळलं, मलेच समजलं नाई. घरचा म्हनजे काय, घरची मोरीही घरचीच राहते. पन बाबा दुपारभर माह्याजवळ बसले हे खरं. थे जुन्या टाकीचं सांगत होते. पह्यला मासा कसा आनला, ट्रेनमध्ये रात्रभर मांडीवर धरून, भा.सारखंच. टीसी म्हने, याचं तिकीट? हे मले कधीच सांगतलं नव्हतं.

सांजी दोन्ही मासे कोपरा सोडून वर पोहाले लागले. बाबा म्हने, "ती नळीच बिघडली असन त्यायची."

म्हनलो, असन.

बाबानं माह्या नखपॉलिशवाल्या बोटाकडं पाह्यलं का काय, समजलं नाई.

१८ डिसें., रविवार

भा. आला, नळी सोडली, खाली. "अरे! पुन्हा कमी!" बाबा म्हने, "असं? कमालच आहे." मीठ टाकलं. मासे लपले.

मंग गल्लीतले दोन जन पाहाले आले, त्यायले बाबा सांगून राहिले होते, "सारं जवाईबापूनं उभं केलं. मासे पाहा कसे खेळते! यायच्या हाताले गुन आहे." पाठीवर हात. भा.च्या. तो हात किती वेळ होता थे म्या मोजून… नाई, मोजलं नाई. पन होता लय वेळ.

ज्यानं वाचवले तो चहाचे कप उचलून राहिला होता.

बबल्याले सांगून टाकावं वाटलं. नाई सांगतलं.

१९ डिसें., सोमवार

बाबा नागऱ्याहून लवकर आले. स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं म्या. गिलास, रबरी नळी, क्यान. आज थे म्हने, तू चाख. चाखलं. म्हने, सांग. म्हनलो, अजून दोन क्यान. म्हने, दीड. अन् दीडच लागली. पन जवळच गेलो न.

येता येता माह्यासाठी समोसा आनला होता. भा. राहते तवा समोसे त्याच्यासाठी राहते.

१ जानेवारी २०१२, रविवार

तसंच. रविवारी खारं, सोमवारी गोडं. लहान मासा खाऊन नाई राहिला. बाबा म्हने, पानी असं दर हप्त्याले हालवलं तं टिकनार नाई हे. "काही तरी कराले लागन," म्हने. माह्याकडं पाहून नाई, टाकीकडं पाहून.

म्हनजे मले म्हनले का?

८ जाने., रविवार

भा. म्हने, संक्रांतीले पोवळं आनतो. बुक करून ठेवलं आहे. बाबा खुर्चीवरून उठले. सारं मेलं तवापासून पोवळं नाई पाह्यलं त्यायनं. भा. म्हने, "पण मामाजी, पोवळ्याला मीठ जरासं इकडे-तिकडे चालत नाही, मासा सहन करतो, ते करत नाही." नळी हातात घेऊन सांगून राहिला होता हे.

मंग ताई वाढाले बसली, सारे आत गेले. ब्याग बैठकीत. ताईच्या जुन्या कपाटात नखपॉलिश पुसायची शिशी आहे, ती म्या मागच्याच हप्त्यात पाहून ठेवली. नळी काढली. कापूस वला केला. बुड धरलं. एक डाव पुसलं असतं तं झालं असतं.

मंग वाटलं, पुसलं तं भा.चा आकडा बरोबर येईन. पानी बरोबर राहीन. पोवळं लागन, बोटं हालवन, लोक चप्पल काढून पाहाले येतीन, अन् बाबा म्हनन जवाईबापूनं केलं. अन् सोमवारी? सोमवारी बाबा नागऱ्याहून आरामात येतीन. स्टूल कायले पायजे मंग?

आतून बाबाचा आवाज आला, "गुड्डू, कोठी आहे बे? ये, पान वाढलं."

नळी कापसात ठेवून देल्ली. न पुसता.

जाऊन बसलो. बाबानं ताटाखालून माह्या पायाले पाय लावला अन् हळूच म्हने, "उद्या लवकर येजो दुकानातून."

म्हनलो, येतो.

आता लिहून राहिलो अन् हाताले त्या शिशीतल्या औषधाचा वास आहे. लहान मासा आजही खाल्ला नाई. हप्ता आहे अजून. शनिवारी भा. मुक्कामाले येनार आहे, तवा पुसतो. नक्की पुसतो. नाई पुसलं तं, माहीत नाई.

ही वही कोनाच्या हाताले लागली तं बाप्पा, हात जोडतो, कोनाले सांगू नका. ताईले तं बिलकुल नाई. भाऊजीले नाई. (पाहा, पूरं लिहिलं.) बाबाले मालूम असन तं त्यायलेही सांगू नका का मले मालूम आहे का त्यायले मालूम आहे. पाया पडतो. संक्रांत तरी होऊ द्या.