मोजलेला सोमवार

आई, आज दुपारी तुझ्या नातीचा ऑफिसमधून मेसेज आला. एकच शब्द, "आली!" इथे शिरगावच्या घरात मी एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिले. कित्येक महिने तिची पाळी आली नव्हती. फोनवर काहीबाही पाहून बाईसाहेबांनी सकाळचं खाणं सोडलं होतं, आणि रात्रीचं जेवण म्हणजे काकडी. शेवटी ओढत डॉक्टरकडे नेलं, तपासण्या केल्या, आणि तुला-मला पूर्वी उल्हासनगरच्या दवाखान्यात जे सांगितलं होतं, तेच तिलाही सांगितलं गेलं. तेव्हापासून तिला आधी जेवायला घालणं हाच माझा धंदा होता. आज जिंकले, आणि हे तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

तुला आठवतं ना, मी नुकतीच कॉलेजला जायला लागले होते. पालेगावात आपल्या घरामागे तेव्हा भातशेती होती, आता तिथे टॉवर आहेत. माझी पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. तू काळजीने अर्धी झालीस. आत्याने तोडगा काढला, सोळा सोमवार. अंगही सुधारेल आणि स्थळही चांगलं मिळेल. दिवसभर कोरा चहा, संध्याकाळी पूजा, मग चूर्मा. पाळीत सोमवार आला तर पूजा करायची नाही आणि तो सोमवार मोजायचा नाही, हा नियम. माझी पाळी येतच नव्हती, त्यामुळे सोमवार सलग मोजले जात होते. आत्या सगळ्या गल्लीत सांगायची, पोरीचा एकही सोमवार वाया गेला नाही! पाळी यावी म्हणून उपास, आणि पाळी येत नाही म्हणून उपास फळतोय, हे आपल्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग एकदा मी अंगणात चक्कर येऊन पडले आणि तू मला उल्हासनगरला नेलंस. त्या सिंधी डॉक्टरबाईंनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, वजन केलं, रक्त आणि सोनोग्राफी लिहून दिली. "बेटा, सुबह क्या खाया?" म्हणाल्या. मी म्हटलं, चहा. "अरे, चाय खाना थोडी है!" रिपोर्ट आल्यावर त्यांनी तुलाच समोर बसवलं. रक्त कमी आहे, बाकी काही मोठं दिसत नाही. उपास बंद, सकाळी पोटभर खाऊन बाहेर पडायचं, टीव्ही बंद करून वेळेवर झोपायचं, रोज चालायचं. सगळ्यांचंच नुसत्या खाण्याने जमतं असं नाही, फरक पडला नाही तर परत या, औषधाचं बघू. तू मान डोलावलीस. पण व्रत मोडायचं म्हणजे तुझ्यासाठी काय होतं, ते मला कळत होतं.

पुढचा सोमवार उजाडतो. तू चुलीपुढे बसली आहेस, तव्यावर तांदळाची भाकरी फुगते आहे, शेजारी मेथीची भाजी आणि वाल. आत्या बेलाची पानं घेऊन दारात येते आणि ताट बघून तिथेच थांबते. "वहिनी, सोमवार मोडतेस? पोरीचा लगीन कसा जमंल?" तू भाकरी उलटतेस. "वन्सं, देवाला उपाशी पोरीचा काय करायचा हाय? मना ती धडधाकट पायजे." मग माझ्याकडे वळून दरडावतेस, "जेव गो. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" मी ताटाला हात लावेना, तर तूच ताट घेऊन माझ्याबरोबर बसलीस. सगळ्यांच्या आधी, गरम भाकरी घेऊन. घरातले पुरुष जेवायच्या आधी तुला जेवताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मला तुझा इतका अभिमान वाटला की रडू आलं, आणि तुला वाटलं भाजी तिखट झाली.

मग आपण रोज तशाच जेवलो. मंगळवारी सुकट, कधी अंडं, संध्याकाळी तिळाचा लाडू आणि बांधावरून चालणं. पाळी लगेच नाही आली. आत्या टोमणे मारायची, तू ऐकून घ्यायचीस. पण आली, आणि पुढच्या महिन्यात परत आली, तीही नेमकी सोमवारी! मी न्हाणीघरातूनच ओरडले. तू भरपूर तूप घालून शिरा केलास, आत्याच्या घरी वाटी घेऊन स्वतः गेलीस आणि दारातूनच म्हणालीस, "वन्सं, हा सोमवार मोजा!"

आज लेकीसाठी मी तोच शिरा केला. ती म्हणाली, "मम्मी, एवढं तूप?" आणि वाटी चाटून पुसून खाल्ली.

हे पत्र तांदळाच्या पिठाच्या डब्यातच राहणार, तुझा पत्ता कुणाला ठाऊक? फक्त एक कबूल करते. दरवर्षी पितरांच्या पंधरवड्यात तुझ्या तिथीला मी तुझं पान बाहेर ठेवण्याआधी लेकीला गरम भाकरी वाढते आणि तिच्याबरोबर स्वतःही जेवून घेते. असं करायचं नसतं, म्हणून घरात आणखी कुणाला सांगितलेलं नाही. पण आई, कावळ्याने अजून एकदाही मला वाट पाहायला लावलेली नाही.