हद्दीपलीकडची चूल

डकोटा, ९ जानेवारी १८८४

ती. गुनहिल्डमावशीस,
मारितचा सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. दोन्ही जोड आस्लौगच्याच पायांत आहेत. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे. नाताळ संपला आणि तिला ताप आला, तो उतरायचं नाव घेत नाही. खोकताना छातीत कळ येते.

तुला आमचं घर ठाऊक आहे. आम्हा दोघी बहिणींच्या नावांवर एकमेकींना लागून दोन सरकारी जमिनी, आणि जमीन कायमची आपली व्हायची तर प्रत्येकीनं आपापल्या जमिनीवर राहायचं. म्हणून मातीच्या ढेपांचं एकच घर बरोबर हद्दीवर बांधलं. माझी खाट माझ्या जमिनीवर, तिची तिच्या. लोखंडी चूल मात्र माझ्या बाजूला. तिच्या भिंतीवर आतून बर्फ धरतो. तिची खाट चुलीजवळ ओढते म्हटलं, तर बाईसाहेब ऐकत नाहीत. म्हणते, वसंतात बायबलवर हात ठेवून सांगायचंय, आपल्याच जमिनीवर राहिले म्हणून; खोटी शपथ घेऊ का? मी म्हटलं, देवाला थंडी कळते. तर म्हणाली, देवाला कळते गं, कचेरीतल्या कारकुनाला नाही कळत.

मावशी, तू रागावून लिही. तुझं ती ऐकेल.

माया असू दे,
तुझी मारित


मिनेसोटा, १७ जानेवारी १८८४

चि. मारितस,
अनेक आशीर्वाद.

आधी त्या हट्टी पोरीची खाट ओढ, मग पुढचं वाच.

तुझं पत्र हाती पडताच बर्फ तुडवत इथल्या वकिलाकडे गेले. तो हसायलाच लागला. म्हणाला, बाई, घर तिचं, शेत ती कसते. आजारात कुठं झोपली हे कोण विचारतंय? एवढी वर्षं दोघी उगाच खाटा सांभाळत बसलात! तिला म्हणावं, जमीन काय उराशी बांधून नेणार आहेस?

छातीला हंसाची चरबी चोळ. आणि तुमचा तो शेजारी टॉर्गर, दर रविवारी कुऱ्हाड परत करायला येतो आणि पुन्हा घेऊन जातो, त्याला एकदा तरी कामाला लाव. ताबडतोब कळव. दारावर कोणी आलं की काळजात धस्स होतं.

दोघींची काळजी वाहणारी,
मावशी


डकोटा, २ फेब्रुवारी १८८४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बर्फात गाडी अडकली होती, तुझं पत्र आज मिळालं. खाट नाही ओढली, मावशी, चूल ओढली.

सोमवारी ती तापात बरळायला लागली, आईला दार लाव म्हणून सांगत होती. तरी खाटेला हात लावला की भिंत धरून ठेवायची. मग मी टॉर्गरला बोलावून आणलं. त्यानं तिच्या बाजूचं छप्पर फोडून धुराड्याला वाट केली. त्यासाठी चूल विझवावी लागली. तेवढा वेळ मी तिला कवेत घेऊन पडले होते. किती हलकी झाली आहे गं! टॉर्गरनं गवताच्या पेंढ्या पिळून पुन्हा जाळ धरवला, तोवर तिचे ओठ निळे पडले होते. मीच मारली हिला, असं वाटलं.

गुरुवारी पहाटे घाम फुटला. काल पेज मागितली. खोकला आहे अजून, म्हणून पुरती निर्धास्त नाही मी.

वकिलाचं तिला सांगायचा धीर होत नाही. चुलीच्या मालकिणीचा तोरा बघायला हवा होतास. शेकायला गेले, तर म्हणाली, माझ्या जमिनीवर पाय पुसून ये. गारठ्यानं राहवत नाही, तेव्हा मी तिच्याच खाटेवर जाऊन निजते. आपल्या जमिनीवर जा म्हणून कुरकुरते, आणि पांघरूण माझ्याही अंगावर ओढते.

आम्हाला जीव लावतेस, तसाच राहू दे.

तुझी,
मारित