वरच्या खोलीतल्या दुसऱ्या किल्लीबाबत

मी, चंदनबाला पारस मगदूम, वय ७६, निवृत्त शिक्षिका, राहणार गावभाग, सांगली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच पेनाने लिहीत आहे. टंकलेखकाकडे दिलेले नाही, कारण टंकलेखक चहाच्या गाड्यावर बोलतात. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणायची इच्छा असलेले दोघे-तिघे आहेत, त्यांची नावे पुढे येतील. प्रत्येक पानावर माझी सही आहे व खालची मोकळी जागा तिरक्या रेघेने बंद केली आहे. रेघेखाली काही लिहिलेले आढळल्यास ते माझे नव्हे. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घर माझ्या नावावर आहे. खालचा मजला, जिथे माझे यजमान हळदीचा व्यापार करीत, तो चि. सन्मती याला द्यावा. वरच्या मजल्यावर त्याचा हक्क राहणार नाही. गेल्या दिवाळीत तो वरची खोली फीत लावून मोजत होता. "आई, नुसतं बघत होतो," म्हणाला. नुसते बघायला फीत लागत नाही. तिथे शिकवणीचा वर्ग काढायचा त्याचा विचार आहे, हे मला सूनबाईंच्या माहेरून कळले.

कलम २. माझ्या सोन्याच्या पाटल्या व बँकेतील ठेव नात ब्राह्मी हिला. तिच्यावर माझा संशय नाही. अजून लहान आहे.

कलम ३. वरची खोली, त्यातील चार कपाटे व सर्व पुस्तके.

या खोलीत १९८८ पासून दर शनिवारी आमची लिहिणाऱ्यांची बैठक भरते. आपण लिहिलेले वाचून दाखवायचे, शिव्या खायच्या, चहा प्यायचा आणि जाताना कपाटातले पुस्तक न्यायचे, असा रिवाज. श्री. लालासाहेब हे एसटीतले निवृत्त कंडक्टर, लाल झेंड्याच्या युनियनचे, ऊसतोडीवर कथा लिहितात. श्री. जयराज हे निवृत्त इतिहास शिक्षक, रोज पहाटे शाखेत जाणारे, किल्ल्यांवर लिहितात. दोघांचे एका वाक्यावर कधी एकमत झाले नाही. पण लालासाहेबांनी आईच्या कोयत्यावरची कथा वाचली तेव्हा जयराज डोळे पुसत होते आणि विचारले तर हळदीची धूळ गेली म्हणाले. खाली दुकान बंद होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.

पुस्तक नेताना टेबलावरच्या वहीत नाव व पुस्तक लिहून सही करावी लागे. वही सगळ्यांना उघडी. कोण काय वाचतो हे चहा निवायच्या आत गावभागात पोहोचायचे. कुणाचे पुस्तक हातात आहे यावरून माणूस कुठल्या गोटातला हे ठरवायची आपल्याकडे सवय आहे. ती मलाही आहे.

२०१३ साली मी कपाटे मोजली तर एकतीस पुस्तके कमी. वहीत नोंद नाही. कपाटाच्या किल्ल्या दोन: एक माझ्या कमरेला, दुसरी अकिला नदाफ हिच्याकडे. अकिला मिरजेच्या शाळेत शिक्षिका, आमच्यात सर्वांत सरस लिहिणारी, शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन खोली झाडून ठेवणारी. मी भर बैठकीत तिचे नाव घेतले. म्हणाले, "किल्ली तुझ्याकडे, मग पुस्तकं काय भुतानं नेली?" तिने किल्ली टेबलावर ठेवली, चप्पल घातली आणि गेली. त्यानंतर ती कधी आली नाही. माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतर तिने एक ओळही छापून आणली नाही.

तेव्हा लालासाहेब छताच्या पंख्याकडे पाहत होते आणि जयराज खिडकीतून रस्त्याकडे. मला ते सभ्यपणाचे वाटले.

२०१९ च्या पुरात दोघांच्याही घरांत पाणी शिरले. बोट यायच्या आधी दोघांनी आपापली ट्रंक माझ्या वरच्या खोलीत आणून टाकली. पाणी उतरल्यावर ट्रंकांचे बूड ओले दिसले, म्हणून वाळवायला मी त्या उघडल्या. परवानगी घेतली नाही. संशयी बाईने ट्रंक उघडायला परवानगी घेतल्याचे कुणी ऐकले आहे काय?

लालासाहेबांच्या ट्रंकेत जयराजांच्या विचारांची माझी सतरा पुस्तके होती. जयराजांच्या ट्रंकेत लाल विचारांची चौदा. सगळ्यांना वर्तमानपत्राचे कव्हर. आत पेन्सिलीच्या खुणा, इतक्या बारकाईने की परीक्षेला बसायचे असावे. एका पानावर लालासाहेबांच्या अक्षरात "हे खरे आहे, पण कबूल करवत नाही" असे लिहिले आहे. माझी पाठ वळली की कपाट उघडे मिळे, हेही तेव्हा लक्षात आले. मी स्वैपाकघरात चहा करायला जाताना कुलूप कधी लावले होते?

पुस्तके वाळवली, ट्रंका बंद करून परत दिल्या आणि मी गप्प बसले. पाच वर्षे. त्यांनी अकिलेला सहा वर्षे चोर राहू दिले, मी पुढची पाच. हिशेबात फार फरक नाही. किल्ली हे निमित्त होते. तिघांत तिच्यावरच बोट ठेवणे मला सोपे गेले, आणि ते का सोपे गेले हे मला तेव्हाही माहीत होते. त्याची मला लाज वाटते.

म्हणून वरची खोली, कपाटे व सर्व पुस्तके श्रीमती अकिला नदाफ यांना पूर्ण मालकीने द्यावीत. अट एकच: कुठलेही पुस्तक विचार पटत नाही म्हणून रद्दीत घालू नये. लालासाहेबांना ही पुस्तके युनियनच्या कचेरीत हवी होती, जयराजांना त्यांच्या वाचनालयात. दोघांनीही निम्मी पुस्तके बाहेर फेकली असती, आणि मग ती चोरून वाचली असती.

कलम ४. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्या मृत्युपत्राने काही मिळू नये, असा संकेत आहे. म्हणून साक्षीदार हेच दोघे. काल त्यांना बोलावून कलम ३ मोठ्याने वाचायला लावले. लालासाहेब म्हणाले, "वहिनी, आमी चोरी न्हाई केली. वाचाय नेली हुती." जयराज म्हणाले, "वहीत सही करायची हिंमत झाली नाही हो." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांना पश्चात्ताप झाला की पुस्तके गेल्याचे दुःख, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

कलम ५. येथे मी अकिलेची माफी मागणारा अर्धे पान मजकूर लिहिला होता. तो खोडला आहे. खोडलेल्या जागी माझी व साक्षीदारांची छोटी सही आहे. कारण असे, की दस्तासाठी तिचे पूर्ण नाव विचारायला मी गेल्या आठवड्यात तिला अकरा वर्षांनी फोन केला. ती म्हणाली, "नाव तेच हाय, ताई. तवा तुमी लय मोठ्यानं घेतलं हुतं." मी मृत्युपत्राचे सांगितले, माफी लिहून ठेवते म्हणाले. ती म्हणाली, "आन मी माफ केलं, हे कुणाला सांगायचं? तुमच्या फोटोला?"

तेव्हा माफी या कागदात नाही. ती मागायला मी आज दुपारच्या बसने मिरजेला जात आहे. साक्षीदारांनी "आमीबी येतो" म्हटले, त्यांना नको म्हणून सांगितले आहे. माझ्या पदराआड उभे राहून माफी मागता येणार नाही, त्यांनी आपापले जावे. अकिला दार उघडेल याची मला खात्री नाही. नाही उघडले तर उद्या पुन्हा जाईन. कलम ३ दोन्ही परिस्थितींत कायम आहे.

सही: चंदनबाला पारस मगदूम

साक्षीदार, समक्ष व वाचून:
१. लालासाहेब यशवंत माने
२. जयराज दत्तात्रय कुलकर्णी

ठिकाण: सांगली
दिनांक: शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४. आजची बैठक रद्द.