एक लिटरचं कार्ड

चि. संयुक्ता,

तू सांगितलंस तसा घरखर्चाचा तक्ता केला. तुझे अप्पा गेल्यापासून बचत आपोआपच होते आहे. तांदूळ निम्माच लागतो. पाण्याचे कॅन आठवड्याला तीन यायचे, आता एक पुरतो. त्यांच्या गोळ्यांचे तीन हजार वाचले. पेन्शन कमी झाली, तरी महिनाअखेर पैसे उरले. तुला बरं वाटेल.

फक्त दुधाचं सांगायचं राहिलं. महिन्याचं कार्ड आगाऊ पैसे भरून घेतलं की दूध स्वस्त पडतं, हे अप्पांचंच गणित. ते गेले तेव्हा पुढच्या महिन्याचं एक लिटरचं कार्ड भरलेलं होतं. पैसे वाया कशाला घालवायचे, म्हणून मी रोज अर्ध्या लिटरच्या दोन्ही पिशव्या आणत राहिले. एक मला पुरते. दुसरीचं दही लावते, त्यांना दहीभाताला लागायचं तेवढं. दुसऱ्या दिवशी ते दही वॉचमनच्या बायकोला देते.

काल अड्यारच्या दुधाच्या बूथवर नवं कार्ड करायला गेले. खिडकीतल्या बाईला सगळं ठाऊक होतं. तिने हळूच विचारलं, "अम्मा, आता अर्धा लिटर करू ना?" मागे रांग होती. मी म्हटलं, "नको. एक लिटरच राहू दे."

तक्त्यात मी अर्धा लिटर लिहिलं आहे. वरचे पैसे ‘किरकोळ’मध्ये टाकले. हे पत्र माझ्याजवळच राहू दे. तुला तक्ता तेवढा पाठवते.

तुझी,
आई